शेजारच्या देशात दुकान नेताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाचकांची अलीकडे आलेली पत्रे एकत्र वाचली, तर बहुतेकांचा रोख एकाच दिशेने दिसतो. आपल्या देशात दुकान बऱ्यापैकी चालू लागले आहे, सीमेपलीकडूनही अधूनमधून विचारणा होते, मग तिथे रीतसर विक्री सुरू करावी का आणि कशी, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यांतील सात पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांचे शेजारी वेगवेगळे असल्यामुळे नियमांची उदाहरणेही निरनिराळ्या देशांतील घेतली आहेत. हे नियम वरचेवर बदलतात. त्यामुळे दुकानात दर लावण्यापूर्वी ज्या देशात माल पाठवायचा आहे, त्याच्या सीमाशुल्क खात्याचा चालू नियम प्रत्येकाने स्वतः पाहून घ्यावा.

प्रश्न : मी आणि माझी बहीण चामड्याची पाकिटे आणि हाताने बांधलेल्या वह्या ऑनलाइन विकतो. कोणतीही जाहिरात न करता तीन शेजारी देशांतून ऑर्डर येऊ लागल्या आहेत. तिन्ही देशांसाठी तीन भाषांतली तीन संकेतस्थळे एकदमच उघडावीत, म्हणजे खर्च एकदाच होईल, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. आपले मत काय?

उत्तर : आमचे मत स्पष्ट आहे : एकच देश निवडावा आणि त्यात पहिले काही महिने वेगळे संकेतस्थळ उघडूच नये. खर्च एकदाच होईल हा हिशेब फक्त संकेतस्थळाच्या बांधणीपुरता खरा आहे. प्रत्येक नव्या देशाबरोबर तिथला कर, तिथली कुरिअर सेवा, पैसे भरण्याची तिथली पद्धत, परत येणारा माल आणि तिथल्या भाषेतल्या तक्रारी येतात, आणि हे सगळे दोघींनाच सांभाळायचे आहे. शिवाय तीन देश एकदम सुरू केले आणि विक्री अडली, तर ती किमतीमुळे अडली, डिलिव्हरीमुळे की भाषेमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही. एकाच देशात काम करताना मात्र चूक कुठे झाली ते सापडते आणि ती दुरुस्तही करता येते.

देश निवडताना लोकसंख्येकडे पाहू नये. मोठा शेजारी मोहात पाडतो, पण तिथली स्पर्धाही तेवढीच मोठी असते. त्याऐवजी आपल्याच दुकानाच्या नोंदी उघडाव्यात. झालेल्या ऑर्डरी पाहाव्यातच, पण त्याहून अधिक बारकाईने न झालेल्या ऑर्डरी पाहाव्यात. कोणत्या देशातील ग्राहकाने वस्तू कार्टमध्ये टाकली, पत्ता भरला, डिलिव्हरीचा खर्च पाहिला आणि तिथूनच तो परत फिरला? कोणत्या देशातून ‘आमच्याकडे पाठवता का?’ अशी पत्रे येतात? विकत घ्यायला तयार असलेला माणूस नेमका कुठे थांबतो, ते या नोंदी सांगतात.

यानंतर दोन देशांमध्ये सीमाशुल्काची सीमा आहे की नाही, ते तपासावे. नकाशावरचे अंतर इथे फारसे उपयोगी पडत नाही. ऑस्ट्रियातून जर्मनीत जाणाऱ्या पार्सलाला युरोपियन संघाच्या एकसंध बाजारपेठेमुळे कस्टम्सची कागदपत्रे लागत नाहीत. दोन्ही देशांना खेटून असलेला स्वित्झर्लंड मात्र या सीमाशुल्क संघाबाहेर आहे, त्यामुळे तिथे काही किलोमीटरवर पाठवलेल्या पार्सलालाही घोषणापत्र जोडावे लागते. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या बाबतीतही हेच झाले : तेच ग्राहक, तोच रस्ता, पण आदल्या दिवशीपर्यंत साध्या पाकिटातून जाणाऱ्या मालाला दुसऱ्या दिवसापासून कागदपत्रे लागू लागली. तीन शेजाऱ्यांपैकी एकाशी अशी सीमा नसेल, तर बाकी सगळे सारखे असताना पहिली पसंती त्यालाच द्यावी.

प्रत्यक्ष सुरुवात साधी असावी. आहे त्याच दुकानात त्या देशासाठी डिलिव्हरीचे पक्के दर, त्या देशाचे चलन आणि माल परत करण्याची पद्धत सांगणारे एक पान, एवढे पुरे होते. सगळ्या वस्तूही ठेवू नयेत. वजनाला हलक्या, सहज न मोडणाऱ्या आणि मापाची भानगड नसलेल्या वस्तू आधी पाठवाव्यात. आपल्या बाबतीत पाकिटे आणि वह्या दोन्ही या कसोटीला उतरतात, ही जमेची बाजू आहे. मात्र बाजार चालला की नाही हे कशावरून ठरवायचे, ते सुरू करण्याआधीच लिहून ठेवावे, आणि ते ऑर्डरींच्या संख्येवर ठरवू नये. डिलिव्हरी, कर, चलन बदलण्याचा खर्च आणि परत आलेला माल वजा जाता प्रत्येक ऑर्डरमागे किती उरले, हा आकडा धरावा. तो आकडा आपल्या देशातल्या विक्रीच्या जवळपास येईपर्यंत दुसऱ्या देशाचा विचार लांबणीवर टाकावा.

प्रश्न : शेजारच्या देशात पाठवलेली पार्सले ग्राहक दारातूनच परत करू लागले आहेत. पोस्टमन जादा पैसे मागतो आणि ते आम्हीच उकळतो आहोत, असा त्यांचा समज होतो. वास्तविक ती रक्कम त्यांच्याच सरकारची असते. हे ग्राहकांना कसे समजावून सांगावे?

उत्तर : समजावून सांगण्याच्या भरीस पडू नये; ती रक्कम दारात मागितलीच जाणार नाही, अशी व्यवस्था करावी. ग्राहकाने पडद्यावर एक रक्कम पाहिली, ती भरली, आणि आठवडाभराने आपल्याच वस्तूसाठी त्याला पुन्हा पैसे मागितले गेले. अशा वेळी कराचा नियम त्याला कितीही नीट समजला, तरी पुढच्या वेळी तो आपल्याकडून घेणार नाही. लहान दुकानांचा परदेशातला व्यवहार इतर कोणत्याही कारणापेक्षा याच कारणाने मोडतो, असे आमचे ठाम मत आहे.

आधी ही रक्कम कशी वाढते ते पाहू. समजा वस्तूची किंमत १०० आणि वाहतूक २० आहे. वाहतुकीसह किमतीवर शुल्क आकारणाऱ्या देशात सीमाशुल्काचा दर १० टक्के असेल, तर ते १२० वर लागते, म्हणजे १२ होतात. मूल्यवर्धित कर त्यानंतर येतो आणि तो वस्तू, वाहतूक व शुल्क यांच्या बेरजेवर लागतो. २० टक्के दराने १३२ वर २६.४० झाले. ग्राहकाने आपल्याला १२० दिले होते, आणि दारात त्याच्याकडे आणखी ३८.४० मागितले गेले. त्यावर टपाल खाते किंवा कुरिअर कंपनी कस्टम्समधून माल सोडवण्याचे आपले शुल्क वेगळे लावते. स्वस्त वस्तूच्या बाबतीत तर हे हाताळणी शुल्क कधी कधी करापेक्षाही जास्त भरते.

यावरचा मार्ग म्हणजे सर्व कर आणि शुल्क विक्रेत्याने भरून माल दारात पोचवणे. आंतरराष्ट्रीय व्यापारात कोणता खर्च आणि कोणती जोखीम कोणाची, हे ठरवणारे नियम आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ ‘इन्कोटर्म्स’ या नावाने प्रसिद्ध करते. सध्याची आवृत्ती २०२० ची असून तीत अकरा नियम आहेत. त्यांतले डीएपी आणि डीडीपी हे दोन आपल्या कामाचे. डीएपीमध्ये माल पोचवण्याची जबाबदारी आपली, पण आयातीचा कर आणि शुल्क ग्राहकाचे. डीडीपीमध्ये तेही आपले. कुरिअरशी करार करताना अनेक दुकानदार हा रकाना न वाचताच पुढे जातात आणि स्वस्त दिसतो म्हणून डीएपीचा दर घेतात. आपल्या पार्सलांच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. करारपत्र काढून पाहावे.

लहान पार्सलांवर पूर्वी असलेल्या सवलतींवर आता विसंबून राहू नये, कारण त्या एकामागून एक बंद होत आहेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या आयात मालावरही वस्तू व सेवा कर लावला. युरोपियन संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची करमाफी रद्द केली. सिंगापूरने १ जानेवारी २०२३ पासून ४०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या मालाला कराच्या कक्षेत आणले. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्कमुक्त येत असे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली गेली आणि त्या सुमारास अनेक देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेकडे जाणारी पार्सले घेणेच काही काळ बंद ठेवले होते.

याच बदलांनी एक सोयही केली आहे. युरोपियन संघात १५० युरोपर्यंतच्या आयात पार्सलांसाठी ‘आयओएसएस’ नावाची योजना आहे. तीत नोंदणी केलेला विक्रेता विक्रीच्या वेळीच कर घेतो, महिन्याला एक विवरणपत्र भरतो आणि पार्सल सीमेवर करासाठी अडत नाही. संघाबाहेरच्या विक्रेत्याला ही नोंदणी बहुतेक वेळा संघातील मध्यस्थामार्फत करावी लागते. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर विक्रेत्यानेच विक्रीच्या वेळी कर घ्यायचा असतो. विक्रेता आणि ग्राहक दोघेही युरोपियन संघातच असतील तर गोष्ट आणखी सोपी आहे : इतर सर्व सदस्य देशांतील मिळून वार्षिक विक्री १०,००० युरोपर्यंत असलेल्या आणि एकाच देशात ठाण असलेल्या दुकानाला आपल्याच देशाचा कर लावता येतो, त्यापुढे ग्राहकाच्या देशाचा दर लागतो, पण सगळ्या देशांचे विवरण आपल्याच देशात एका ठिकाणी भरता येते.

किमतीविषयी एक गोष्ट सहसा सुटते, म्हणून आवर्जून सांगतो. आपल्या देशातील किमतीत आपल्या देशाचा कर मिसळलेला असतो. देशाबाहेर पाठवलेल्या मालावर हा कर साधारणपणे लागत नाही. पण त्यासाठी माल सीमेबाहेर गेल्याचा पुरावा जपून ठेवावा लागतो. तो कर वजा न करता त्याच किमतीवर परदेशी कर चढवला, तर ग्राहक दोन देशांचे कर भरतो आणि आपली वस्तू विनाकारण महाग ठरते. आधी किंमत करविरहित करावी, मग तिच्यावर ग्राहकाच्या देशाचा हिशेब मांडावा. अनेकदा दोन्ही कर एकमेकांच्या जवळपास येतात आणि दारात पोचलेल्या वस्तूची किंमत भीती वाटली होती तेवढी वाढत नाही.

प्रश्न : पार्सलावरच्या सीमाशुल्काच्या फॉर्ममध्ये ‘भेटवस्तू’ लिहावे आणि किंमत कमी दाखवावी, असे काही ग्राहक स्वतःच सुचवतात. असे केले तर काय होते? आणि फॉर्ममध्ये नेमके काय लिहावे?

उत्तर : असे करू नये. विकलेली वस्तू भेट म्हणून दाखवणे आणि किंमत कमी लिहिणे ही खोटी घोषणा आहे, आणि त्या कागदावर सही आपली असते, सुचवणाऱ्या ग्राहकाची नसते. त्यात व्यवहारातला तोटाही आहे : पार्सल हरवले किंवा फुटले, तर भरपाई घोषित किमतीच्या आधाराने ठरते. ग्राहकाला नम्रपणे नकार द्यावा आणि सर्व करांसह अंतिम रक्कम आधीच सांगावी. बहुतेकांना एवढेच हवे असते.

आता फॉर्मविषयी. टपालाने जाणाऱ्या मालासाठी जागतिक टपाल संघाचे ‘सीएन २२’ आणि ‘सीएन २३’ हे दोन फॉर्म वापरले जातात. पहिला लहान असून ३०० एसडीआरपर्यंतच्या मूल्यासाठी चालतो. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. त्यापुढच्या मूल्यासाठी दुसरा, अधिक तपशिलाचा फॉर्म लागतो. बहुतेक ठिकाणी आता हीच माहिती पार्सल निघण्याआधी संगणकाद्वारे पुढच्या देशाला पाठवावी लागते. त्यामुळे हाताने खरडलेल्या अर्धवट फॉर्मवर माल जाण्याचे दिवस संपले आहेत.

सर्वांत महत्त्वाचा रकाना वर्णनाचा आहे आणि सर्वांत हलगर्जीपणे भरला जाणाराही तोच. ‘वस्तू’, ‘नमुना’, ‘अॅक्सेसरीज’, ‘स्टेशनरी’ असे लिहिलेले पार्सल तपासणीसाठी बाजूला निघण्याची शक्यता मोठी असते, कारण त्यावरून आत काय आहे हे अधिकाऱ्याला ठरवता येत नाही. ‘गाईच्या चामड्याचे पाकीट, १ नग, ९० ग्रॅम’ किंवा ‘कोऱ्या कागदाची बांधलेली वही, २ नग, ४०० ग्रॅम’ असे लिहिले, तर शंकेला जागा राहत नाही. वस्तू काय आहे, कशाची आहे, किती आहे, हे तिन्ही यावे, आणि ते जिथे माल जातो तिथल्या अधिकाऱ्याला वाचता येणाऱ्या भाषेत यावे.

वर्णनासोबत वस्तूचा एचएस क्रमांक द्यावा. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या या वर्गीकरणात पहिले सहा अंक जगभर सारखे असतात आणि पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. वह्या, रोजनिशा आणि तत्सम वस्तूंसाठी ४८२०.१० आणि खिशात किंवा पर्समध्ये बाळगायच्या चामड्याच्या पाकिटांसारख्या वस्तूंसाठी ४२०२.३१ हे सहा अंक आहेत. आपल्या प्रत्येक वस्तूचा क्रमांक एकदा नीट शोधून दुकानाच्या यादीतच नोंदवून ठेवावा. दर पार्सलाच्या वेळी अंदाजाने लिहू नये. चुकीच्या क्रमांकामुळे शुल्क जास्त लागते किंवा कमी लागते, आणि कमी लागलेले पुढे वसूल होऊ शकते.

शेवटचा रकाना मूळ देशाचा. तिथे माल जिथून पाठवला तो देश लिहायचा नसून जिथे तो बनला तो लिहायचा असतो. दोन शेजाऱ्यांत मुक्त व्यापार करार असला, तरी तिसऱ्या देशात बनलेला माल आपल्या दुकानातून गेला म्हणून त्याला कराराची सवलत मिळत नाही. इतरांकडून माल घेऊन विकणाऱ्या दुकानांची इथे फार गफलत होते.

प्रश्न : यंत्राने केलेले भाषांतर वापरून दुकान शेजारच्या भाषेत आणावे का? व्यावसायिक भाषांतर आम्हाला परवडत नाही.

उत्तर : सगळ्या दुकानाचे भाषांतर एका दमात करण्याची गरज नाही. ज्या मजकुरावर ग्राहक पैसे देण्याचा निर्णय घेतो, तो मजकूर माणसाकडून करून घ्यावा : निवडक वस्तूंची वर्णने, डिलिव्हरीचे पान, परतीच्या अटी, पैसे भरण्याच्या पायऱ्या आणि ऑर्डरनंतर जाणारी पत्रे. बाकीचा मजकूर यंत्राकडून घेऊन त्या भाषेच्या जाणकाराकडून नजरेखालून घालावा. अटींचे पान यंत्रावर सोपवणे मात्र धोक्याचे आहे, कारण भांडण झाल्यास तेच पान पुरावा म्हणून समोर येते.

भाषा आणि देश यांची गाठही आधी तपासावी. बेल्जियममध्ये डच, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही अधिकृत भाषा आहेत. उलट एकदा नीट केलेले जर्मन भाषांतर थोड्याफार फेरफाराने जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोन्हीकडे चालते. त्या भाषेत तक्रार आली तर उत्तर कोण देणार, हेही आजच ठरवावे. दुकान त्यांच्या भाषेत आणि उत्तर मात्र परक्या भाषेत, हा अनुभव ग्राहकाला खटकतो.

भाषांतराइतकेच लक्ष पत्त्याच्या फॉर्मकडे द्यावे, असा आमचा आग्रह आहे. पिनकोडच्या चौकटीत आपल्या देशाएवढेच अंक चालतील अशी सक्ती केलेली असते आणि ती कोणाच्या लक्षातही नसते. जर्मनीचा पिनकोड पाच अंकी आहे, ऑस्ट्रियाचा चार अंकी. नेदरलँड्समध्ये चार अंकांनंतर दोन अक्षरे येतात, पोलंडमध्ये दोन अंकांनंतर आडवी रेघ. आयर्लंडचा कोड अक्षरे आणि अंक मिळून होतो, तर संयुक्त अरब अमिराती आणि हाँगकाँगमध्ये पिनकोडच नाही. फॉर्म जर ‘अवैध क्रमांक’ म्हणून अडून बसला, तर ग्राहक आपल्याला पत्र लिहून कळवत नाही. तो निघून जातो. फोन क्रमांकाच्या चौकटीचेही तसेच. सुरुवात करण्यापूर्वी त्या देशातला खरा पत्ता घालून पूर्ण ऑर्डर स्वतः करून पाहावी, आणि शक्य झाल्यास तिथल्या ओळखीच्या माणसाला त्याच्या फोनवरून करायला सांगावी.

आणखी एक सूचना : ग्राहक कुठून आला हे ओळखून त्याला आपोआप त्या देशाच्या पानावर ढकलू नये, पर्याय दाखवून निवड त्याच्यावर सोडावी. युरोपियन संघात तर ग्राहकाच्या संमतीशिवाय असे वळवण्यास ३ डिसेंबर २०१८ पासून मनाईच आहे.

प्रश्न : पैसे स्वीकारण्यासाठी कार्डाची सोय पुरेशी होईल का? आणि किमती कोणत्या चलनात दाखवाव्यात?

उत्तर : कार्डाची सोय बहुतेक ठिकाणी पुरेशी होत नाही. नेदरलँड्समध्ये ‘आयडील’, बेल्जियममध्ये ‘बँकॉन्टॅक्ट’, पोलंडमध्ये ‘ब्लिक’, स्वीडनमध्ये ‘स्विश’ अशा बँकांशी जोडलेल्या स्थानिक पद्धती लोकांच्या अंगवळणी पडल्या आहेत, आणि ओळखीचे चिन्ह दिसले नाही तर परक्या दुकानाविषयीची धाकधूक वाढते. आपली सध्याची पेमेंट कंपनी त्या देशाची प्रमुख पद्धत देते का ते विचारावे. अनेकदा ती केवळ सुरू करून घ्यायची असते.

किंमत ग्राहकाच्याच चलनात दाखवावी आणि ती स्थिर ठेवावी. रोजच्या विनिमय दराने बदलणारी, विचित्र दशांशांची किंमत दुकानाला परके बनवते. दर ठराविक काळाने, चलनातील चढउतारासाठी थोडी जागा ठेवून, हाताने ठरवावा. युरोपियन संघ म्हणजे युरो हे समीकरणही मनातून काढावे. पोलंड, चेक प्रजासत्ताक, स्वीडन आणि डेन्मार्क संघात आहेत, पण त्यांची चलने त्यांची स्वतःची आहेत. परतावा देताना मूळ रक्कम ग्राहकाच्या चलनात पूर्ण परत करावी लागते, आणि मधल्या काळात दर हलला असेल तर फरक आपल्या अंगावर येतो, हेही हिशेबात धरावे.

प्रश्न : आम्ही कपडे विकतो. आमच्या देशात माल परत घेण्याची सोय दिल्याने विक्री वाढली. शेजारच्या देशातही तशीच मोफत सोय द्यावी का?

उत्तर : कपड्यांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा, कारण मापामुळे परत येणारा माल याच धंद्यात जास्त असतो. कागदावर मांडून पाहू. एका ऑर्डरमागे मालाचा खर्च वजा जाता ३० उरतात आणि पाठवण्याचे १२ आपण सोसतो, म्हणजे खरे १८ उरतात. माल परत आला तर ग्राहकाला सगळी रक्कम परत जाते, पाठवण्याचे १२ गेलेले असतात आणि आणण्याचे १४ आणखी जातात; एका परतीत २६ बुडाले. दहांतील एक परत आला तर नऊ ऑर्डरींचे १६२ आणि त्यातून २६ वजा, हाती १३६ राहतात. दहांतील तीन परत आले तर सात ऑर्डरींचे १२६ आणि त्यातून ७८ वजा, हाती फक्त ४८. विक्रीचा आकडा दोन्ही वेळा दहाच आहे. यात पुन्हा घडी घालणे, धुलाई, आणि आपण भरलेले सीमाशुल्क परत मिळाले नाही तर तेही धरलेले नाही.

म्हणून मोफत परतीचे आश्वासन पहिल्या दिवशी देऊ नये. पण परतीचा मार्ग सोपा आणि स्पष्ट असलाच पाहिजे, कारण पुष्कळ ठिकाणी तो कायद्याने बंधनकारक आहे. युरोपियन संघात ऑनलाइन घेतलेली बहुतेक प्रकारची वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. त्या वेळी वस्तूच्या किमतीसोबत पाठवताना घेतलेला साधा डिलिव्हरी खर्चही परत द्यावा लागतो. परत पाठवण्याचा खर्च ग्राहकावर टाकता येतो, पण ते आधी सांगितलेले असेल तरच. आणि या हक्काची माहितीच दिली नसेल, तर मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते. अटींच्या पानावरची एक राहून गेलेली ओळ केवढ्याला पडू शकते, ते यावरून लक्षात यावे.

कस्टम्सच्या सीमेपलीकडून माल परत येणार असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपलाच माल न वापरता परत आला तर अनेक देशांत त्यावर पुन्हा शुल्क लागत नाही, मात्र तो आपणच पाठवला होता हे कागदाने सिद्ध करावे लागते. म्हणून पाठवतानाचे घोषणापत्र, ऑर्डरचा क्रमांक आणि पार्सलाचा माग काढण्याचा क्रमांक एकत्र ठेवावे, आणि परतीच्या पार्सलावर ‘परत आलेला माल’ असे मूळ ऑर्डर क्रमांकासह लिहिण्यास ग्राहकाला छापील चिठ्ठीतून सांगावे. ही चिठ्ठी आपण पाठवतानाच पार्सलात टाकावी. परतीची संख्या वाढली की त्या देशातच पार्सले गोळा करून महिन्यातून एक-दोनदा एकत्र पाठवणारी सेवा घ्यावी. एकेक पार्सल सीमेपार आणण्यापेक्षा ती स्वस्त पडते. त्याआधी मापांचा तक्ता सुधारावा. अंकांपुढे सेंटीमीटरमध्ये छाती, कंबर आणि लांबी द्यावी, कारण एकाच कपड्याचा मापक्रमांक सीमा ओलांडताच बदलतो.

वाहतुकीच्या दराबाबत एक जोड. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतील जे जास्त असेल ते धरतात. सेंटीमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागण्याची पद्धत सर्रास आहे. म्हणजे ४० × ३० × २० च्या खोक्यात एक किलोचे जाकीट घातले, तरी दर ४.८ किलोचा लागतो. तेच जाकीट पिशवीवजा पाकिटात दाबून बसवले, तर परदेशी डिलिव्हरीचा दर निम्म्याहूनही खाली येऊ शकतो.

प्रश्न : आम्ही सुगंधी मेणबत्त्या आणि लहान मुलांची लाकडी खेळणी बनवतो. शेजारच्या देशातील एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेने आमचा माल तिच्या तिथल्या गोदामात ठेवून विकण्याचे निमंत्रण दिले आहे. स्वीकारावे का?

उत्तर : निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी आपला माल त्या देशात विकता येतो का, ते पाहावे. खेळण्यांवर जवळजवळ सर्वत्र सुरक्षेचे कडक नियम आहेत. युरोपियन संघात चाचण्या, कागदपत्रे आणि वस्तू संघाचे नियम पाळते असे सांगणारे सीई चिन्ह यांशिवाय ती बाजारात आणता येत नाहीत. १३ डिसेंबर २०२४ पासून तिथे लागू झालेल्या सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियमानुसार संघाबाहेरच्या उत्पादकाच्या ग्राहकोपयोगी वस्तूसाठी संघातील एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था नेमावी लागते आणि तिचे नाव-पत्ता वस्तूच्या ऑनलाइन पानावरही द्यावा लागतो. सुगंधी मेणबत्त्यांवर त्यातील रसायनांनुसार धोक्याची सूचना छापावी लागते, आणि ती तिथल्या भाषेत. वेष्टनाचाही नियम असतो : जर्मनीत ग्राहकाला पार्सल पाठवणाऱ्याने ‘ल्युसिड’ या नोंदवहीत नाव घालून वेष्टनाच्या पुनर्वापराचे शुल्क भरायचे असते, आणि लहान विक्रेता म्हणून त्यातून सूट नाही.

हे सगळे जमत असेल, तर बाजारपेठेचा उपयोग मागणी अजमावण्यासाठी चांगला आहे. गर्दी आयती मिळते, पैसे घेण्याची सोय असते, ग्राहकाचा विश्वास तयार असतो. त्या बदल्यात दलाली जाते आणि ग्राहक आपला राहत नाही; त्याचा पत्ता-ईमेल वापरून त्याला पुन्हा बोलावता येत नाही. म्हणून तिथे मोजक्या वस्तू ठेवाव्यात आणि आपले दुकान बंद करू नये.

त्यासोबत आपले नाव आणि चिन्हही सांभाळावे. ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. आपल्या देशात नोंदवलेले नाव शेजारी देशात दुसऱ्याने आधी नोंदवले, तर आपल्यालाच तिथे ते वापरण्यास मनाई होऊ शकते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या माद्रिद पद्धतीत आपल्या देशातील अर्जाच्या आधारे एकाच अर्जाने अनेक सदस्य देशांत नोंदणी मागता येते, आणि देशातील पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांच्या आत बाहेर अर्ज केल्यास पहिल्या तारखेचा अग्रक्रम मिळतो. विक्री सुरू होण्याआधी हे काम उरकावे.

गोदामाच्या बाबतीत मात्र घाई करू नये, असेच आम्ही सुचवू. परक्या देशात माल साठवला की तिथल्या कराच्या दृष्टीने आपण तिथले विक्रेते होतो. युरोपियन संघात तर साठा ज्या देशात आहे, तिथे साधारणपणे स्वतंत्र कर नोंदणी करावी लागते आणि आधी सांगितलेले एका ठिकाणचे विवरण त्याला पुरत नाही. काही बाजारपेठा आपला माल न विचारता एका देशातील गोदामातून दुसऱ्या देशात हलवतात, आणि तसे झाले की नोंदणीचे बंधन त्या दुसऱ्या देशातही उभे राहते. करारात माल कोणत्या देशांत ठेवला जाईल हे स्पष्ट लिहून घ्यावे, एकाच देशाला संमती द्यावी, आणि न विकलेला माल परत आणण्याचा किंवा नष्ट करण्याचा दर काय, हे सही करण्यापूर्वी लेखी मागावे. तोपर्यंत ऑर्डर आल्यावर आपल्याकडूनच माल पाठवण्याच्या अटीवर बाजारपेठेत नाव नोंदवता येते का, ते त्यांना विचारावे. अनेक बाजारपेठा ही मुभा देतात.